सत्तावीसचे सहा पाने

आमच्या घरात सत्तावीस नंबरचे सहा पाने होते, आणि ते सहाही का लागतात हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. एका मापाच्या नटाला एक पाना पुरे, हे तिचं साधं म्हणणं. तिच्याकडे एकच कालथा होता आणि त्याच्यावर तिने दोन दिरांची लग्नं आणि चार बाळंतपणं निभावली होती. आप्पा तिच्याशी कधी वाद घालत नसत. ते हसायचे आणि सातवा पाना कुठे मिळतो का ते बघत राहायचे.

आप्पांचं काम हायड्रॉलिक मशिनांच्या दुरुस्तीचं. या मशिनांत तेलाच्या नळ्या असतात आणि प्रत्येक नळीच्या टोकाला नट असतो. नळी नटाच्या आरपार गेलेली, त्यामुळे गोल तोंडाचा रिंग पाना वरून घालता येत नाही, उघड्या तोंडाचाच लागतो. आणि मशीन बनवणारा तो नट अशा सांदीत बसवतो की पुन्हा कुणी तो उघडणारच नाही असं त्याला कुणीतरी वचन दिलेलं असावं. मागे खांब, पुढे टाकी, वर दुसरी नळी. अशा जागी दांडा फिरायला वाव किती, त्यावर पान्याचं तोंड दांड्याशी किती वाकडं हवं ते ठरतं. बाजारात मिळणाऱ्या पान्याचं तोंड थोडंसं कललेलं असतं, त्याला आम्ही साधा म्हणायचो. त्याहून जास्त कलला तो कलता. त्याचंच तोंड ग्राइंडरवर घासून बारीक केलेला तो पातळ कलता. दांड्याला जवळजवळ काटकोनात वळलेला तो आडवा. उरलेल्यांत एक बुटका आणि एक लांबड्या. आता माझा भाचा मला मोबाईलवर चकचकीत सेट दाखवतो, प्रत्येक पान्याला दोन्ही टोकांना एकच माप, एक तोंड तीस अंशात आणि दुसरं साठ अंशात, बसल्या जागी मागवता येतो. मावशी, तुझ्यासाठी मागवू का, म्हणतो. मी काय करू आता त्याचं, मला बरणीचं झाकण उघडत नाही.

आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायचो, समोर सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. रविवारी सकाळी आप्पा त्या गॅलरीत जुनं पलंगपोस पसरायचे आणि कॅनव्हासची गुंडाळी सोडून सगळे पाने रॉकेलच्या टोपात बुडवायचे. पुसायचं काम माझं. शेजारच्या घरात रेडिओ लागलेला, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, खाली भंगारवाल्याची हाळी, आणि या सगळ्यात पाने पलंगपोसावर पडल्याचा बोथट ठण् ठण् आवाज. आत आई कोलंबीचं कालवण करत असायची आणि दर रविवारी म्हणायची की कालवणाला रॉकेलचा वास येतो. खरंच यायचा. आजही कुठे रॉकेलचा वास आला तर मला भूक लागते, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण लोक वेड्यात काढतील.

गाळा वागळे इस्टेटमध्ये एका गल्लीच्या टोकाला होता. त्यात आप्पा आणि त्यांच्या जोडीला सावळारामकाका. काका खडवलीहून यायचे, येताना कधी वालाच्या शेंगा, कधी कंटोळी असं काहीतरी पिशवीतून आणायचे आणि आईसाठी माझ्या हातात द्यायचे. सुट्टी असली की मी गाळ्यावर असायची. आप्पा कुठल्याही मशीनजवळ गेले की पहिल्यांदा पाना काढायचे नाहीत. आधी सांदीत रिकामा हात घालायचे आणि डोळे मिटून मनगट फिरवून बघायचे. हात जेवढा फिरला तेवढाच पाना फिरणार, असं ते म्हणायचे. मग हात काढून, चिंधीला पुसून, गुंडाळीतून एक पाना उचलायचे. तो बसायचाच. गाळ्याचा नियम होता की पाना निवडायचा आप्पांनी, फिरवायचा कुणीही. पूर्वी एकदा काकांनी आप्पांना न विचारता स्वतःच्या मनाने पाना उचलला होता, तो सटकला आणि काकांचा पुढचा दात गेला. ते हसले की त्या खिडकीतून नियम दिसायचा.

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोनच मुली, आणि त्या दोघींना मिळून जेवढी घमेंड होती तेवढी बाकीच्या पंचावन्न मुलांना नसेल. मी गाळ्यावर येऊन तीस अंश, साठ अंश, टॉर्क असं बोलायची. काका म्हणायचे, बाय, नटाला इंग्लिश कळत नाय. आप्पा मात्र ऐकून घ्यायचे. एकदा मी कोनमापक घेऊन त्यांचे सहाही पाने मोजले आणि वहीत लिहिले. त्यांनी वही बघितली, छान अक्षर आहे म्हणाले आणि परत केली. मला राग आला होता. निवडायला मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही कधी मागितलं नाही.

त्या दिवशी सकाळी आप्पा गॅलरीत स्टुलावर बसून चहा पीत होते. आदल्या दिवशी ते शेजारच्या गल्लीतल्या रबराच्या कारखान्यात जाऊन आले होते. तिथली रबर दाबायची हायड्रॉलिक प्रेस दाब धरत नव्हती. मागच्या बाजूच्या नळीचा नट उघडून आतलं सील बदलायचं होतं. आप्पांनी हात घालून बघितला, उद्या येतो म्हणाले आणि घरी आले. कपबशी त्यांच्या उजव्या हातातून हळूच घसरली. ते माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले, ते शब्द नव्हते. मला वाटलं चेष्टा करताहेत, आणि मी हसले. मी हसले हे मला अजून आठवतं. मग त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि आई आतून धावत आली.

कल्याणच्या इस्पितळात बारा दिवस काढले. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. तोंडातून एकच आवाज यायचा, हं. पाणी हवं का, हं. पंखा लावू का, हं. पंखा बंद करू का, तरी हं. डॉक्टर भले होते, पण घाईत असायचे. ते म्हणाले, बोलणं कदाचित थोडं परत येईल, पण आत समजतंय किती हे आज कुणीच सांगू शकणार नाही. वेळ जाऊ दे. आम्ही त्यांना घरी आणलं आणि खिडकीखालच्या खाटेवर निजवलं. आई मऊ भात आणि मुगाचं वरण कालवून चमच्याने भरवायची, वर मेतकूट, आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने बोलायची. भेटायला येणारे नातेवाईक मात्र आप्पांच्या उशाशी बसून त्यांच्याविषयी बोलायचे, ते खोलीत नसल्यासारखं. ठाण्याच्या आत्या तर सरळ म्हणाल्या की आता दादाला काही उमगत नाही, तुम्ही पुढचं बघा. मी त्यांना चहाही न विचारता दारापर्यंत पोचवलं. पण त्या गेल्यावर आईने भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता विचारलं, "ह्यांना कळतं ना गं?"

मी म्हटलं, सगळं कळतं. मला काय माहीत होतं? काहीच नाही. आई रोज विचारायची, मी रोज तेच सांगायची.  माझं वय वीस होतं, मला नट किती दाबाला सुटतो त्याचं गणित येत होतं आणि माझ्या बापाच्या डोक्यात काय चाललंय ते येत नव्हतं. आप्पा छताकडे बघत पडलेले असायचे. डावा हात चादरीवर. तो हात कधी कधी आपोआप वळायचा, मनगटातून. बस, एवढ्यावर मी सगळी आशा बांधली.

रबरवाल्या शेठनी दोनदा निरोप पाठवला होता. माणूस चांगला, आप्पांना मानणारा. काम दुसऱ्याला देत नव्हता, पण प्रेस बंद होती आणि त्यालाही किती दिवस थांबता येणार. सावळारामकाका घरी आले, आप्पांच्या पायाशी बसले, आणि मला म्हणाले की त्या मशीनमध्ये हात घातलाय तो फक्त आप्पांनी. तेव्हा मला ती कल्पना सुचली. आप्पांना बोलता येत नव्हतं, पण निवडायला बोलावं कुठे लागतं? मी गुंडाळी आणली आणि त्यांच्या पोटाशी, चादरीवर, सत्तावीसचे सहाही पाने ओळीने मांडले. त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं की रबरवाल्यांची प्रेस आहे, मागच्या नळीचा नट आहे, तुम्ही हात घालून बघितलाय, आता यातला कुठला? त्यांनी बराच वेळ काही केलं नाही. मग डावा हात निघाला. साध्यावरून गेला, कलत्यावर थांबला, पुढे सरकला आणि त्यांनी आडवा उचलला. उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि वरून दाबला. चांगला जोर होता त्या दाबण्यात.

आई दारात उभी राहून बघत होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. थोड्या वेळाने साजूक तुपाचा वास आला, ती शिरा करत होती. इतक्या दिवसांत घरात गोड काही झालं नव्हतं. मी गॅलरीभर सांगत सुटले की आप्पांनी पाना निवडून दिला. शेजारच्या काकू बघायला आल्या. मी ठाण्याच्या आत्यांना फोन करायला नाक्यावर गेले, त्यांना मुद्दाम सांगायला, आणि फोन ठेवल्यावर तिथेच रडले. आनंदानेच रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काका कारखान्यात गेलो. जळलेल्या रबराचा उग्र वास, लोखंडाची धग. प्रेसच्या मागे जाऊन मी आधी रिकामा हात घातला, आप्पा घालायचे तसा. डोळे मिटले, मनगट फिरवलं. खांब आणि टाकी यांच्यामध्ये हात तिरका जात होता आणि दोन बोटांएवढाच फिरत होता. आडव्याला तिथे जागाच नव्हती, त्याचा दांडा खांबावर आपटणार. शिवाय नटाच्या मागे भिंतीसारखा पत्रा होता, म्हणजे तोंड बारीक हवं. पातळ कलता. मला ते लख्ख कळलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हात घातला होता आणि पहिल्याच खेपेला पाना माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. काकांनीही हात घातला, काढला, पुसला आणि माझ्याकडे बघितलं. गुंडाळी आमच्या पायाशीच होती. त्यात पातळ कलता होता.

मी म्हटलं, "आप्पांनी आडवा दिलाय."

 नियम काकांनी दात देऊन शिकलेला होता. आणि मी? मला नियमाची काय पर्वा होती, मी तर अंश मोजणारी मुलगी. पण पातळ कलता उचलला असता तर आप्पा चुकले असते. आप्पा चुकले म्हणजे आत्या बरोबर, आणि घरी शिऱ्याचं भांडं अजून तसंच होतं. मी आडवा आत घातला. तो नटाच्या दोन कोपऱ्यांवर जेमतेम अडकला. दांडा खांबाला टेकला. काकांना मी दांड्यावर हातोडी मारायला सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मारली. पहिला ठोका, दुसरा ठोका. तिसऱ्याला पाना सटकला आणि नटाचे कोपरे गेले. मग मी पातळ कलता काढला. तो अलगद जाऊन बसला, आणि गोल झालेल्या नटाभोवती नुसताच फिरत राहिला.

काका जमिनीवर उकिडवे बसले. त्यांनी आडवा हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि म्हणाले, "बाय, हा हितला नाय. हा कोपरीच्या जुन्या प्रेसचा हाय. अशीच प्रेस व्हती ती. तू तवा शाळंत बी नव्हतीस. तिला हाच लागायचा."

म्हणजे आप्पांनी बरोबरच निवडला होता, फक्त पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या मशीनसाठी. या प्रेसमध्ये महिन्याभरापूर्वी हात घातल्याची आठवण त्यांच्याकडे राहिलीच नव्हती. मी त्या मशीनच्या मागे उभी राहून हे समजून घेत होते आणि मला ते समजायला नको होतं. ज्या माणसाच्या हाताला आम्ही सगळे मानत आलो, तो हात घरी चादरीवर पडून भलत्याच काळात फिरत होता, आणि तिथून त्याला हाक मारून आणण्याची काही सोय नव्हती. शेठनी नट बघितला. रागावले नाहीत. आप्पांना बरं होऊ दे, मग बघू, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा मिस्त्री बोलावला, त्याने नळी कापून काढली. बरोबरच केलं त्यांनी. पुढे मी पुष्कळ वर्षं तोच गाळा चालवला आणि पुष्कळ नट उघडले, पण त्या कारखान्यात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

घरी आले तर आई दारातच होती. बसला का, तिने विचारलं. बसला, मी म्हटलं. तिने आत वळून मोठ्याने आप्पांना सांगितलं, बसला हो, तुम्ही दिलेला बसला. आप्पांनी डावा हात पुढे केला. मला वाटलं माझा हात मागताहेत, पण त्यांना पाना हवा होता. काम झालं की पान्याच्या तोंडातून अंगठा फिरवून बघायची त्यांची सवय मी विसरले होते. नट नीट धरला असेल तर कडा साफ राहतात, सटकला असेल तर कडेला खरखरीत धार उठते. पाना न द्यायला मी काय कारण सांगणार होते? दिला. त्यांचा अंगठा एका कडेवरून गेला, मग दुसऱ्या कडेवर आला आणि तिथे थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा तिथेच आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हात सैल सोडला, पाना चादरीवर कलंडला, आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मला त्यांच्या पाया पडून सांगावंसं वाटत होतं, की चूक तुमची नाही, मला कळत होतं आणि मी तरी घातला. पण ते सांगायचं तर आधी तुम्ही चुकलात हे सांगावं लागलं असतं. आई शेजारी उभी होती. मी पाना उचलून पुसायला घेतला.

त्यानंतर आप्पांनी डावा हात चादरीच्या आत ठेवायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी दुसरं काम आलं, एका गॅरेजच्या गाडी उचलायच्या लिफ्टचं. आईनेच आठवण करून दिली, ह्यांना विचार की कुठला पाना, म्हणाली, आणि कणीक मळायला आत गेली. मी गुंडाळी सोडली आणि पाने मांडले. हात बाहेर आला नाही. मी थांबले. लिफ्टचा नट कसा आहे ते सांगितलं, जागा किती आहे ते सांगितलं, कारण या खेपेला मी स्वतः आधीच हात घालून आले होते. आप्पा माझ्याकडे बघत होते, डोळे अगदी स्वच्छ. तेव्हा मी एक गोष्ट केली जी आजवर कुणाला सांगितली नाही. मी मुद्दाम भलताच पाना उचलला, सत्तावीसचा सुद्धा नव्हे, सायकलला लावतात तसला चिमुकला, आणि त्यांच्यासमोर धरला. हा घेऊ का, आप्पा? मला हवं होतं की त्यांनी तो झिडकारावा, चिडावं, हात बाहेर काढून माझ्या हातातून हिसकावून घ्यावा. एवढंच हवं होतं.

"हं," आप्पा म्हणाले.

मी तो चिमुकला पाना परत ठेवला आणि कलता घेतला, तोच लागणार होता. गुंडाळी बांधली. आतून परातीचा आवाज थांबला आणि आईने विचारलं, "मिळाला का गं? ह्यांनीच दिला ना?"

"हो," मी म्हटलं. "आप्पांनीच दिला."